ज्यूरीपुढे कोलशेत

मेडिकलच्या पोरांना फाडायला मढं मिळतं, वकिलीच्या पोरांना पाठ करायला कलमं मिळतात. आर्किटेक्चरच्या पोरांना मिळतो तो स्टुडिओ. फोटो काढायचा नव्हे. लांबलचक टेबलं, त्यांवर बटर पेपर नावाचा कागद (याचा लोण्याशी काही संबंध नाही), हल्ली त्याच्या शेजारी लॅपटॉप, आणि पाठीमागे हात बांधून फिरणारे सर. पाच वर्षांच्या या शिक्षणात बाकीचे विषय म्हणजे पानातली चटणी-कोशिंबीर. भात म्हणजे 'डिझाइन'. आणि डिझाइनला नेमलेलं पुस्तक नसतं. सर टेबलाशी येतात, चार रात्री जागून काढलेल्या नकाशाकडे डोळे बारीक करून पाहतात आणि म्हणतात, "इथे स्पेस श्वास घेत नाहीये." बस्स! चालले पुढच्या टेबलाकडे. पोरगं बिचारं खिडक्या मोठ्या करतं. पुढच्या आठवड्यात सर म्हणतात, "आता जरा जास्तच घेतेय."

माझी भाची या धंद्यात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मला एवढी माहिती. (आमच्या सोसायटीत अजून समज आहे की ती वास्तुशास्त्र शिकते. देवघर कुठल्या दिशेला हवं, हे विचारायला तिघीजणी येऊन गेल्या.)

पण टेबलावरच्या या शिकवणीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. डोनाल्ड शॉन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात अशा स्टुडिओतला एक संवादच उतरवून दिला आहे. पेट्रा नावाची विद्यार्थिनी उतारावर शाळेची इमारत बसवता बसवता अडून बसली आहे. क्विस्ट नावाचे मास्तर तिच्या चित्रावर पातळ कागद ठेवतात आणि काढता काढता बोलतात, बोलता बोलता काढतात. आधी काहीतरी शिस्त धर, ती मागाहून मोडता येते, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडचा सुतार पोराच्या हातात रंधा देतो आणि वर आपला हात ठेवतो, तेच हे! असे मास्तर भेटले तर पुस्तक हवंय कशाला?

खरा घोळ आहे ज्यूरीचा. ही परंपरा पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेची. एकोणिसाव्या शतकात तिथे ड्रॉइंगं गोळा करायला हातगाडी फिरायची. पोरं गाडीबरोबर धावत शेवटच्या रेघा ओढायची. पण ज्यूरी बसायची बंद दाराआड. तेव्हा अब्रू निदान खाजगीत जायची. आता पोरानं भिंतीवर शीटं लावून स्वतः शेजारी उभं राहायचं, आणि समोर खुर्च्यांवर पाहुणे परीक्षक, मुलगी पाहायला आल्यासारखे. फरक एवढाच, की इथे कांदेपोहे खाऊन झाल्यावर नकार तोंडावर देतात.

गेल्या सहामाहीत भाचीच्या वर्गाला विषय मिळाला कोलशेत. म्हणजे आमचंच गाव की! एका अंगाला खाडी आणि कोळी-आगऱ्यांची जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला जिथे रसायनांचे कारखाने होते तिथे आता आमच्यासारख्यांचे टॉवर. 'खाडीकाठच्या लोकांसाठी घरं' असा विषय. वर्ग एका दुपारी येऊन गेला. मावळत्या सूर्याचे, उलट्या घातलेल्या होडीचे आणि एका मांजराचे फोटो काढले गेले. माणसं फारशी फोटोत आली नाहीत.

ज्यूरीच्या दिवशी मॉडेल मांडीवर घेऊन मी रिक्षातून गेलो. गणपती आणतानासुद्धा मी इतका सावध नसतो. तिथे पाहतो तो काय, एकाचं छप्पर म्हणजे जाळं, दुसऱ्याचं म्हणजे लाट, तिसऱ्याची आख्खी वसाहत माशाच्या आकाराची. विमानातून जाणाऱ्याला ती फार आवडेल. भाची तेवढी गावात आणखी दोनदा गेली होती आणि एका मावशींशेजारी ओट्यावर बसून आली होती. तिच्या घरांना मधोमध अंगण होतं, जवळा सुकवायला. त्यावर ऊन-वारा येईल अशी घरांची ठेवण. आणि कावळ्यांवर नजर ठेवायला सावलीतला ओटा. परीक्षक म्हणाले, "हे ठीक आहे. पण यात आर्किटेक्चर कुठे आहे?" माशाला जास्त मार्क मिळाले.

"मामा, मावशींना तिथे बसवलं असतं तर गं— तर रे!" परतताना ती म्हणाली. तीन रात्रींची झोप राहिली की कोण 'गं' आणि कोण 'रे' हे उमगत नाही. अशा अवस्थेत टीका कानांत तरी शिरते का? कॅथरिन अँथनी या बाईंनी या ज्यूऱ्यांचा अभ्यास करून १९९१ साली पुस्तक लिहिलं आणि ज्यूरीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आपल्याकडच्या किती स्टुडिओंत ते उघडलं गेलं असेल कोण जाणे.

मावशींची सूचना मात्र मला पटते. मुंबईच्या जे. जे.त क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ मुख्य होते. हा माणूस साहेब खरा, पण इथल्या जुन्या इमारती टेप लावून मोजायला आणि कागदावर उतरवायला लावायचा. उभं असलेलं आधी मोजा, मग नवं काढा. कोलशेतच्या गावठाणातला एक ओटा मोजला तरी कळतं, की त्याची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्यावरून ठरते, 'कॉन्सेप्ट'वरून नव्हे. आणि ओट्याची मालकीण ज्यूरीत बसली तर पहिला प्रश्न विचारेल, "पावसात इथनं पाणी कुठं जातं रं पोरा?" त्यावर लाटेच्या छपराचं काय होतं, ते मला पाहायचंय.

पुढच्या सहामाहीचा विषय विमानतळ आहे. तिथे जवळा सुकवायचा नसल्यामुळे मार्क बरे पडतील, असा भाचीचा अंदाज आहे.