जव्हारचा पीर, मुकण्यांचा शक आणि कबरींचा काळनिर्णय

जव्हार-मोखाड्याच्या इतिहासासाठीं अभ्यासक प्रथम हातीं घेतो तें १८८२ सालचें ठाणें गॅझेटियर (मुंबई गॅझेटियर, भाग १३). त्या ग्रंथाचें ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतील जव्हारप्रकरणांत दंतकथा व इतिहास एकाच दावणीस बांधले आहेत, ही आमची तक्रार आहे. जयबा मुकण्यानें बैलाच्या कातड्याएवढी भूमि मागितली व कातड्याच्या वाद्या कापून मोठा प्रदेश वेढला, ही कथा कार्थेजच्या डिडो राणीविषयींही प्रसिद्धच आहे. त्याच प्रकरणांत ता. ५ जून १३४३ रोजीं दिल्लीच्या बादशहानें धुळबारावास ‘नीमशाह’ हा किताब दिला व तेव्हांपासून जव्हारचा स्वतंत्र शक सुरू झाला, असें सांगितलें आहे. महंमद तुघलकाची कारकीर्द १३२५ ते १३५१ असल्यानें तारीख अशक्य नाहीं. पण शक रूढ असला म्हणजे तो त्याच दिवशीं सुरू झाला, असें ठरत नाहीं. हिजरी सनच पहा: गणना ६२२ पासून, परंतु ती ठरली उमर खलिफांच्या वेळीं, म्हणजे दीड तपानंतर.

कबरींच्या बाबतींत हाच विवेक अधिक लागतो. जव्हार येथें पीर सदरुद्दीन बद्रुद्दीन हुसैनी चिश्ती यांचा दर्गा असून तेथें ऊरूस भरतो. ‘हुसैनी’ या पदावरून कोणी पीराचा काळ करबल्याच्या (६८०) जवळ नेऊं पाहील, तर तें चुकीचें होईल. हें पद वंश दाखवितें, काळ नव्हे. उलट ‘चिश्ती’ हें पद काळाची वरची मर्यादा देतें. कारण तो संप्रदाय हिंदुस्थानांत रुजविणारे अजमेरचे मुइनुद्दीन १२३६ सालीं वारले. नांवांतच पुरावा असतां तो न वाचणें हा आळस होय.

भक्ति कबर दूर नेते, हें इस्लामच्या आद्य इतिहासांतच दिसतें. अलींची कबर नजफ येथें पूज्य आहे. बाराव्या शतकापासून बाल्खजवळच्या मजार-इ-शरीफ येथेंही तीच सांगतात. हुसेन यांच्या शिराचें स्थान करबला, दमास्कस व कैरो अशा तिन्ही ठिकाणीं दाखवितात. भाविकांस यांत विसंगति वाटत नाहीं, व ती त्यांनीं सोडवावी असेंही नाहीं. ती आम्हां संशोधकांची डोकेदुखी आहे.

कोंकणाशीं या काळाचा संबंधच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. नवव्या शतकांतील बलाधुरी लिहितो कीं, उमर खलिफांच्या वेळीं, सुमारें ६३६ सालीं, बहरैन व ओमानचा सुभेदार उस्मान सकफी यानें ठाण्यावर आरमार पाठविलें, व तें खलिफांस मुळींच रुचलें नाहीं. या हकीकतीवरून किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या कबरीस प्रेषिताच्या सहकाऱ्याची कबर म्हणणें सोपें आहे. पण बलाधुरीच्या वृत्तांतांत ठाण्यास कोणास पुरल्याचा उल्लेख नाहीं. खरा दाखला याच पालघर जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें मिळाला. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत तिसऱ्या इंद्राच्या वतीनें संयानमंडल, म्हणजे संजाणचा प्रदेश, मधुमति नांवाच्या ताजिकाच्या हातीं होता असें आहे. मधुमति म्हणजे महंमद, हें विद्वानांचें मत आम्हांस पटतें. यानें नदीवर फुकट तरी ठेवली, अन्नसत्र घातलें व देवीच्या मठिकेस दान दिलें! हा पुरावा कोणत्याही कबरीच्या आधारावांचून उभा राहतो.

म्हणून जव्हारच्या पीराविषयीं लिहूं इच्छिणारानें चमत्कारकथा बाजूस ठेवून कागद शोधावे: इनामाच्या सनदा, दिवाबत्तीच्या नेमणुका, ऊरुसाचा खर्च. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तरी घराघरांतील दप्तरें त्याबरोबर विलीन झालीं नाहींत. अशा कागदावर जव्हारचा शक आढळल्यास त्यांत १३४३ मिळवून लगेच इसवी सन लिहूं नये. त्यासोबत हिजरी वा शालिवाहन शक, महिना, तिथि व वार दिले असल्यास तेंही जसेंच्या तसें उतरून घ्यावें, व कोरा भाग कोराच दाखवावा.