मोबाईलचं ‘व्यसन’ मोजताना

‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील मोबाईल व्यसनाधीनता’ हा विषय सध्या सिनॉप्सिसमध्ये हमखास दिसतो. विषय वाईट नाही. पण पुढे काय होतं बघा. क्वोन आणि सहकाऱ्यांची 2013 सालची दहा प्रश्नांची प्रश्नावली घ्यायची, गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवायचा आणि कट-ऑफच्या वर गेलेल्यांना ‘व्यसनी’ म्हणून मोकळं व्हायचं. एम.ए.ला मीही हेच केलं होतं, म्हणून जरा हक्काने बोलतोय.

ही प्रश्नावली दक्षिण कोरियातल्या किशोरवयीन मुलांवर तयार झाली. 60 पैकी कट-ऑफ मुलग्यांसाठी 31, मुलींसाठी 33. ‘तू मोबाईल फार वापरतोस’ असं आजूबाजूचे लोक म्हणतात का, असा त्यात एक प्रश्न आहे. आता सांगा, आपल्याकडे हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? आईच्या वैतागाचे गुण आपण मुलाच्या खात्यात टाकतो!

बोलताना आपण चहाचं व्यसन म्हणतो, वाचनाचंही म्हणतो. तिथे ते चालतं. प्रबंधात ‘व्यसन’ लिहिलं की तुलना दारूशी होते, आणि ती झेपली पाहिजे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. मोबाईल घरी विसरल्यावर तगमग होते, खरंय. पण दोन्हींना ‘विड्रॉवल’ म्हणून एकाच रांगेत बसवायचं?

जुगाराशी तुलना त्यातल्या त्यात जवळची. तिथे शरीरात कुठला पदार्थ जात नाही, तरीही 2013 च्या डीएसएम-5 ने जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात घेतलं. पुढे आयसीडी-11 मध्ये गेमिंगही आलं. मोबाईल मात्र दोन्हीकडे स्वतंत्र विकार म्हणून नाही. कारण उघड आहे: दारूच्या बाटलीत दारूच असते. मोबाईलमध्ये आईचा फोन असतो, लेक्चरची पीडीएफ असते, आणि पैसे लावून खेळायची रमीही.

लियम सॅचेल आणि सहकाऱ्यांनी याची मस्त फिरकी घेतली. सोशल मीडियाच्या व्यसनाच्या प्रश्नावल्यांसारखेच प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष भेटणाऱ्या मित्रांबद्दल विचारले. त्याच पद्धतीने गुण दिल्यावर 807 जणांपैकी 69 टक्के लोक ‘मित्रांचे व्यसनी’ ठरले! तुमच्या व्हायव्हात कुणी हा पेपर पुढे ठेवला तर काय उत्तर द्याल?

शिवाय लोक अशा प्रश्नावलीत जे सांगतात आणि फोनमध्ये प्रत्यक्ष जो वापर नोंदला जातो, त्यांचा संबंध कच्चा असल्याचं डेव्हिड एलिस आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं. (नुसते तास मोजूनही व्यसन कळत नाही, हा भाग वेगळा. आयसीडी-11 गेमिंगच्या बाबतीतही तास विचारत नाही. ताबा सुटला का, बाकीचं आयुष्य मागे पडलं का, नुकसान दिसूनही खेळ चालूच आहे का, हे बघते.)

म्हणजे कुणाला त्रासच नाही, असं मी म्हणत नाहीये. माझ्या एम.ए.च्या नमुन्यात हॉस्टेलवरचा एक मित्र होता. रात्र-रात्र ऑनलाइन रमी. परीक्षा फीचे पैसे त्यात गेले, तेव्हा आम्हाला कळलं. माझ्या फॉर्ममधली त्याची बेरीज 28 होती, हे त्यानेच नंतर सांगितलं. माझ्या हिशोबात तो ‘सामान्य’ गटात होता. पैशांबद्दल मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.