कारभारीपणाची कल्पना : ‘माझा प्रवास’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांतील द्रव्यविचार

मराठी आत्मपर गद्यातील पैशाची चर्चा बहुधा दारिद्र्याच्या वर्णनापाशी थांबते. द्रव्य कोणाचे, ते कोणासाठी राखावयाचे आणि त्याचा हिशेब कोणास द्यावयाचा, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (१९०७) आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) हे दोन ग्रंथ या प्रश्नांच्या अनुरोधाने शेजारी ठेवले आहेत.

गोडसे वरसईहून उत्तरेस निघाले ते घरचे कर्ज फेडण्याकरिता. मथुरेच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा होती. प्रत्यक्षात ते १८५७च्या धामधुमीत सापडले. १८५८ साली ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली, तेव्हा ते शहरातच होते. झाशीच्या लुटीचे त्यांचे वर्णन इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ वाचले गेले. परंतु मिळविलेले द्रव्य डोळ्यांदेखत जाणाऱ्या एका ऋणकोचेही ते वर्णन आहे. अखेर ते घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. सावकाराचा हिशेब अपुरा राहिला, तरी पुण्याचा हिशेब पुरा झाला. येथे द्रव्य हे ऋण आणि पुण्य यांमधील साधन आहे. ते गेल्याने मनुष्य दोषी ठरत नाही.

‘स्मृतिचित्रे’मध्ये हिशेबाचे स्वरूप पालटते. मराठी बायबलमधील ‘कारभारी’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. झाशीसारख्या संस्थानात कारभारी म्हणजे धन्याची दौलत सांभाळणारा अधिकारी. कुणब्याच्या घरात बायको नवऱ्याला याच शब्दाने हाक मारते. ख्रिस्ती शिकवणीत प्रत्येक माणूसच कारभारी होतो, कारण दौलत देवाची आणि माणूस केवळ विश्वस्त. त्यामुळे द्रव्य उधळणे हा जसा दोष, तसाच ते पुरून ठेवणे हाही दोष ठरतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. टिळकांच्या लेखी, देवाचे ते गरजवंताला ताबडतोब देऊन टाकावयाचे. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडणे ही या वृत्तीची परिणती होय. लक्ष्मीबाईंच्या लेखी, देवाचे ते उद्याच्या जेवणापर्यंत पुरवावयाचे, कारण घरात आणलेली पोरकी मुलेही देवाचीच. समीक्षेने या झगड्याकडे बहुतांशी विनोदाचे स्थळ म्हणून पाहिले आहे: उदार, विसराळू कवी आणि त्याची व्यवहारी पत्नी. हे वाचन अपुरे आहे. दोघेही एकाच सिद्धान्ताची दोन टोके धरून आहेत, आणि दान करणाऱ्याचे दान पार पडते ते कोठी सांभाळणारीच्या जिवावर.

अर्थात ‘हिंदू पारलौकिक, ख्रिस्ती व्यावहारिक’ अशी सोपी विभागणी येथे टिकत नाही. गोडसे पैशाच्या बाबतीत अत्यंत दक्ष आहेत. टिळकांच्या त्यागात संन्यासाची देशी परंपरा स्पष्ट दिसते. भेद वृत्तीचा नाही, हिशेब कोणास द्यावयाचा याचा आहे. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) बऱ्याच वर्षांनी आकारास आलेली असल्याने तीतील विनोद हा जुन्या हिशेबातील बाकी माफ करण्याचाही एक मार्ग आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

टिळकांनी मागे पैसा ठेवला नाही. ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे ठेवले. त्यांच्या साडेदहा अध्यायांना लक्ष्मीबाईंनी, औपचारिक शिक्षण नसताना, ६४ अध्यायांची जोड दिली. धन्याने सोपविलेले भांडवल वाढवून परत करणाऱ्या सेवकाचा दृष्टान्त मराठीत याहून अधिक अक्षरशः क्वचितच उतरला असेल. लक्ष्मीबाईंची काटकसर आणि त्यांचे लेखन ही एकाच कारभारीपणाची दोन रूपे मानल्याखेरीज ‘स्मृतिचित्रे’चा विचारव्यूह उलगडत नाही.