शहराचे आरोग्य : पॅट्रिक गेडिस यांच्या इंदूर अहवालाचे परीक्षण

शहराच्या आरोग्याचा विचार सामान्यतः दोन वाटांनी होत आला आहे. पहिली वाट मोजमापाची. दर हजारी मृत्यू, दर माणशी पाणी, दर खोलीतील माणसे असे आकडे जमवून त्यांवरून शहराची प्रकृती ठरविणे, ही वैद्य आणि अभियंते यांनी रूढ केलेली पद्धती होय. दुसरी वाट संबंधांची. राहते घर, कामाचे ठिकाण, नदी, बाजार, देऊळ आणि मोकळी जागा यांचे परस्परांशी नाते कसे जुळले आहे वा बिघडले आहे, हे पाहून शहराच्या प्रकृतीचे निदान करावे, असे ही दुसरी दृष्टी मानते. पॅट्रिक गेडिस हे या दृष्टीचे मोठे पुरस्कर्ते होत. इंदूरच्या होळकर दरबाराला सादर केलेला आणि १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल हा त्यांच्या हिंदुस्थानातील अहवालांत सर्वांत विस्तृत आहे. शहर निरोगी कशाने होते, या प्रश्नाला त्या अहवालाने दिलेले उत्तर कोठवर टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

गेडिस (१८५४–१९३२) मूळचे जीवशास्त्रज्ञ. हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८६ साली विवाहानंतर त्यांनी एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या भागात बिऱ्हाड थाटले आणि तेथील पडकी घरे दुरुस्त करण्याचे व अंगणे मोकळी करण्याचे काम शेजाऱ्यांना बरोबर घेऊन आरंभिले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापन सुरू झाले, तेव्हा पहिले प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. पुढे गो. स. घुर्ये यांनी चालविलेल्या विभागाची ही सुरुवात होय. अशा रीतीने मुंबईच्या समाजशास्त्राच्या परंपरेचा एक झरा नगरविचारात आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

इंदूर अहवालाचे मर्म समजण्यास त्याच्या पूर्वपीठिकेकडे पाहणे आवश्यक आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि त्यापुढील दोन दशके या रोगाने नगरसुधारणेची दिशाच ठरवून टाकली. १८९८ च्या कायद्याने मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. दाट वस्ती पाडणे, तीतून रुंद रस्ते काढणे आणि समुद्राची हवा आत खेळू देणे, हा या मंडळाचा मुख्य कार्यक्रम होता. सँडहर्स्ट रस्ता व प्रिन्सेस स्ट्रीट हे त्याचे दृश्य फळ. परंतु घर पाडले म्हणजे त्यात राहणारा माणूस नाहीसा होत नाही. ज्यांची घरे गेली त्यांना कामाच्या जवळच राहणे भाग असल्याने ते शेजारच्या चाळींत शिरले आणि एका गल्लीतील दाटी दुसऱ्या गल्लीत गेली. पुण्यात तर उपाय रोगाइतकाच भयावह वाटला. १८९७ साली घरोघर झालेल्या लष्करी झडत्यांनी उत्पन्न केलेला क्षोभ आणि त्याच वर्षी २२ जून रोजी रँड यांच्यावर झालेला हल्ला हे सर्वश्रुत आहेत. आरोग्याच्या नावाने शासन जेव्हा उंबरठा ओलांडते, तेव्हा त्या घरातील माणसाला ते आपल्या बाजूचे वाटते की नाही, या प्रश्नाचे महत्त्व पुण्याने दाखवून दिले.

गेडिस यांनी या अनुभवातून दोन तत्त्वे पुढे मांडली. उपचारापूर्वी निदान, हे पहिले. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा ओढण्यापूर्वी योजनाकाराने प्रत्येक गल्ली पायी हिंडावी, विहीर, झाड, पार आणि पडके घर यांची नोंद करावी आणि लोक कोठे बसतात, कोठून पाणी भरतात, हे समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसरे तत्त्व जपणाऱ्या शस्त्रक्रियेचे. शक्य तितके कमी पाडावे, जेथे घर आधीच मोडकळीस आले असेल तेथेच जागा मोकळी करावी, त्या जागेत झाड लावावे आणि वस्ती आहे तेथेच ठेवावी. या पद्धतीत खर्च कमी होतो हा तिचा व्यावहारिक गुण झाला. तिचे खरे मूल्य असे की, शेजार हादेखील आरोग्याचा घटक आहे, हे ती मान्य करते. आजारपणात पाणी देणारा, मुलावर लक्ष ठेवणारा, काम नसता उधार देणारा शेजारी ज्या पुनर्वसनात हरपतो, ते पुनर्वसन हवेशीर असले तरी निरोगी असेलच असे नाही.

अहवालापेक्षाही अधिक प्रसिद्धी लाभली ती इंदूरच्या मिरवणुकीला. चरित्रकारांनी दिलेल्या वृत्तांतानुसार १९१७ च्या सुमारास शहरात प्लेग असताना गेडिस यांनी महाराजांकडून एक दिवसाचे राजेपण मागून घेतले. जो मोहल्ला घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ करील त्यातून दिवाळीची मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, प्रचंड उंदीर होता आणि स्वच्छ वस्त्रे ल्यालेले, फुलांनी सत्कारिलेले सफाई कामगार होते. दिवाळीपूर्वी घर झाडण्याची जी रीत लोकांच्या अंगवळणी पडली होती, तिलाच त्यांनी सार्वजनिक रूप दिले. पुण्यात जे काम शिपायाने दार ठोठावून केले, तेच इंदुरात लोकांनी आपण होऊन दार उघडून केले. या प्रसंगाचे महत्त्व या फरकात आहे.

तथापि या वृत्तांताचा स्वीकार जपून करावयास हवा. मिरवणुकीनंतर प्लेग ओसरला, असे सांगण्याचा प्रघात आहे. प्लेगची साथ ऋतुमानाप्रमाणे वाढते व उतरते, ही गोष्ट त्या काळीही ज्ञात होती. उंदराच्या अंगावरील पिसू रोग पसरविते, हे सिमाँ यांनी १८९८ साली मांडले होते आणि नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते प्रयोगांनी सिद्ध केले होते. घरातील कचरा व धान्याची नासाडी हटली म्हणजे उंदराचा थारा कमी होतो, एवढा कार्यकारणभाव निश्चित आहे. त्यापलीकडचे श्रेय मिरवणुकीला देणे म्हणजे उत्सवाला औषध मानणे होय.

अहवालाची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सफाई कामगाराच्या गळ्यात त्या दिवशी हार पडला, परंतु दुसऱ्या दिवशी झाडू त्याच्याच हाती राहिला. शहराच्या शरीराची उपमा गेडिस यांना प्रिय होती. पण शरीराच्या उपमेत प्रत्येक अवयवाचे काम जन्मानेच ठरलेले असते आणि भारतीय शहरात हे जन्माने ठरणे म्हणजेच जात. गेडिस यांना सफाईचे मोल कळले होते, यात शंका नाही. मात्र ते काम ठराविक जातींच्याच वाट्याला का यावे, हा प्रश्न त्यांच्या उत्सवात विचारला गेला नाही. हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली करावे लागले, यावरून त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कळते. ज्या शहराचे आरोग्य काही नागरिकांच्या अनारोग्यावर उभे आहे, त्याला निरोगी म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा पाण्याचा व गटारांचा. शहरभर खर्चीक भुयारी गटारांचे जाळे पसरण्याविषयी गेडिस साशंक होते. मैला व सांडपाणी हे बागांकडे, जमिनीकडे परत जावे, असे त्यांचे मत होते. या मतात दूरदृष्टी होती. पुढे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच सेंद्रिय खताची जी पद्धती विकसित केली, ती जगभर इंदूर पद्धती म्हणून ओळखली गेली. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याविषयी गेडिस यांची पद्धती अपुरी पडते. गल्ली हिंडून कचरा दिसतो, नळातील जंतू दिसत नाहीत. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढला, त्या पंपाचे पाणी दिसण्यात गढूळ असण्याची गरज नव्हती. येथे मोजमापाच्या वाटेला पर्याय नाही.

या दोन वाटांचा मेळ न बसल्यास काय होते, याचे उदाहरण इंदूरनेच दिले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने २०१७ पासून सलग सात वर्षे पहिले स्थान राखले (२०२३ साली सुरतेसह). घरोघर वर्गीकृत कचरा गोळा करण्याची त्याची व्यवस्था आदर्श मानली गेली आणि ती व्यवस्था लोकांच्या सहभागाविना उभी राहिलीच नसती. त्याच शहरात भागीरथपुरा या वस्तीत डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले, मोठ्या संख्येने रहिवासी आजारी पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. रस्ता स्वच्छ होता, पण जमिनीखालची नळी नव्हती. स्वच्छता आणि आरोग्य हे समानार्थी शब्द नव्हेत, हे याहून कठोरपणे सांगणे अशक्य आहे.

येथे गेडिस यांच्या विचाराचा पराभव झाला असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांचे पहिले तत्त्व येथे नव्याने अर्थपूर्ण ठरते. पाण्याला दुर्गंधी येत असल्याच्या तक्रारी रहिवाशांनी दुर्घटनेपूर्वीच केल्या होत्या, असे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतून दिसते. निदान म्हणजे रोग्याचे ऐकणे. ज्या गृहिणीने नळाखाली हंडा लावताना वास ओळखला, ती त्या शहराची पहिली परीक्षक होती. प्रयोगशाळेने तिच्या शब्दाची तपासणी करावयाची होती आणि अभियंत्याने नळी उकरावयाची होती. तिचे म्हणणे नोंदवहीत अडकले, तेथे साखळी तुटली. मोजमाप आणि संबंध या वाटा वेगळ्या नाहीत. रहिवाशाचा अनुभव हे मोजमापाचे पहिले पाऊल आहे.

इंदूर अहवालाचे मूल्यमापन करताना म्हणून असे म्हणावे लागते की, लोकांना हलविण्याऐवजी लोकांसह शहर सुधारावे, हा त्याचा सिद्धांत टिकाऊ आहे. उत्सवाच्या सामर्थ्यावरील त्याचा विश्वास मर्यादित अर्थानेच ग्राह्य आहे, तर जातीविषयीचे त्याचे मौन आणि अदृश्य धोक्यांविषयीचा त्याचा अपुरेपणा हे त्याचे दोष आहेत. निरोगी शहराची कसोटी त्याच्या मुख्य रस्त्यावर किंवा सन्मानपत्रावर होत नाही. ती सर्वांत शेवटच्या नळावर होते, आणि त्या नळावर उभे असलेल्या माणसाची तक्रार किती दिवसांत ऐकली जाते, यावर होते.