पर्यटकांची मोजदाद : आकडा नेमका कशाचा?

केंद्र सरकारचे पर्यटन मंत्रालय दरवर्षी पर्यटनाच्या आकडेवारीची एक पुस्तिका प्रसिद्ध करते. तीत राज्यवार देशी आणि परदेशी पर्यटकांचा एक तक्ता असतो. पहिली पाच राज्ये कोणती एवढे वर्तमानपत्रे त्यातून उचलतात, आणि मग तेच आकडे भूगोलाच्या प्रकल्पवह्यांत उतरतात. कोविडच्या साथीपूर्वीचे अखेरचे सुरळीत वर्ष म्हणून आपण २०१९चा तक्ता घेऊ. त्यात महाराष्ट्रापुढे देशी पर्यटकांचा आकडा आहे १४,९२,९४,७०३ आणि परदेशी पर्यटकांचा ५५,२८,७०४.

या आकड्यांतला शेवटचा अंक प्रथम पहावा. जवळजवळ पंधरा कोटी माणसे मोजली आणि शेवटचे तिघे तेवढे अचूक टिपले, असा याचा अर्थ होतो. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने साध्या फूटपट्टीने टेबलाची लांबी मोजून ती दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत लिहिली तर आपण त्याची वही परत करतो. येथे तसे कोणी केलेले नाही. या तक्त्याची लबाडी दाखवणे हा आमचा हेतू नाही, कारण लबाडी कोणी केलेलीच नाही. लॉजच्या नोंदवह्यांतले आकडे जिल्ह्याला, जिल्ह्यांचे राज्याला, राज्यांचे दिल्लीला जातात आणि बेरीज होते. बेरीज बरोबरच असणार. प्रश्न आहे तो आपण कशाची बेरीज केली हा.

तक्त्याचा मथळा नीट वाचला तर त्यात 'पर्यटक' एवढेच म्हटलेले नाही, 'पर्यटकांच्या भेटी' असे म्हटलेले आहे. मंत्रालयाने आपल्या परीने खरे सांगितले आहे. 'भेटी' हा शब्द बातमीत गळून जातो. भेट आणि माणूस यांत किती अंतर पडते ते सोलापूरच्या परिसरातच पाहता येईल.

पुण्याहून चौघांची तीन कुटुंबे देवदर्शनाला निघाली असे समजा. पहिले कुटुंब सोलापुरात एका लॉजवर दोन रात्री राहिले आणि तेथून गाडीने अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून आले. दुसरे कुटुंब पंढरपुरात धर्मशाळेत, अक्कलकोटला भक्तनिवासात आणि तुळजापुरात लॉजवर, असे एकेक रात्र राहिले. तिसऱ्या कुटुंबाची आत्या सोलापुरात जोडभावी पेठेत राहते. ते तिच्याकडे उतरले आणि त्यांनीही तीच तीन देवस्थाने पाहिली. मुक्कामाच्या नोंदीप्रमाणे पहिल्या कुटुंबाच्या भेटी ४, दुसऱ्याच्या १२, तिसऱ्याच्या शून्य. पहिल्या कुटुंबाच्या चारही भेटी सोलापूर शहराच्या खाती पडतात; पंढरपुरात त्यांनी पाणी प्यायले, चपला ठेवल्या, प्रसाद घेतला, पण पंढरपूरच्या नोंदीत ते नाहीत.

हे व्याख्येतच आहे. आपल्याकडे देशी पर्यटक कोणाला म्हणायचे, तर जो आपल्या राहत्या गावाबाहेर जाऊन हॉटेलात किंवा पैसे घेऊन उतरवणाऱ्या अन्य जागी, नाहीतर धर्मशाळा, मुसाफिरखाना अशा ठिकाणी, निदान एक रात्र किंवा २४ तास राहतो त्याला. नातेवाइकांकडे किंवा गावच्या घरी राहून नुसते लग्नकार्य उरकणारा वगळलेला आहे. आता दुसऱ्या बाजूने पहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६५व्या फेरीत (जुलै २००८ ते जून २००९) आणि पुन्हा ७२व्या फेरीत (जुलै २०१४ ते जून २०१५) लोकांच्या घरी जाऊन, तुम्ही कुठे गेलात आणि कशासाठी, हे विचारले गेले. देशातल्या मुक्कामी प्रवासांपैकी बहुसंख्य प्रवास सामाजिक कारणांसाठी, म्हणजे नातेवाईक, कार्यप्रसंग यांसाठी झाल्याचे त्यात दिसले. लॉजची वही आणि घरचा उंबरठा या दोन ठिकाणी उभे राहून मोजले तर दोन निराळी भारते दिसतात. दोन्ही मोजण्या उपयोगी आहेत. एक दुसरीच्या जागी वापरू नये, एवढेच.

परदेशी पर्यटकांच्या बाबतीत एक सोय आहे. त्यांना देशात शिरताना दारातून यावे लागते आणि तेथे पारपत्र तपासले जाते. त्यामुळे एकाच वर्षाची दोन मापे ताडून पाहता येतात. २०१९ साली विमानतळ, बंदरे आणि सीमानाक्यांवर परदेशी पर्यटकांची आगमने नोंदली गेली ती सुमारे १ कोटी ९ लाख. त्याच वर्षी सर्व राज्यांनी कळवलेल्या परदेशी भेटींची बेरीज होती सुमारे ३ कोटी १४ लाख. म्हणजे दारातून आलेला एक पाहुणा आत सरासरी २.९ वेळा मोजला गेला. मुंबईत उतरून छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचे औरंगाबाद) मुक्काम करून पुढे आग्र्याला गेलेला माणूस तिन्ही ठिकाणी आहे. (आगमने म्हणजेही माणसे नव्हेत, वर्षात दोनदा आलेला तेथेही दोनदाच धरला जातो.)

मग महाराष्ट्राच्या ५५ लाखांना २.९ने भागून 'खरे' १९ लाख पाहुणे काढावेत का? हा मोह टाळावा. २.९ ही पट साऱ्या देशाची आहे. तिच्यातला काही भाग एकाच राज्यात दोनदा मोजल्याचा आणि काही भाग अनेक राज्यांत एकेकदा मोजल्याचा आहे. महाराष्ट्रासाठी आपल्याला फक्त पहिला भाग हवा, आणि तक्त्यात तो वेगळा काढलेला नाही. देशी पर्यटकांसाठी तर दारच नाही. राज्याच्या सीमेवर पारपत्र कोणी पाहत नाही. त्यामुळे १४ कोटी ९३ लाखांमागे माणसे किती याचा ताळा घेण्याचे साधनच या तक्त्यात नाही.

आणखी एक गंमत. २०१८ साली महाराष्ट्राच्या देशी भेटी ११ कोटी ९२ लाख होत्या. एका वर्षात तीन कोटींची, म्हणजे २५ टक्क्यांची वाढ! परदेशी भेटी त्याच वर्षात सुमारे ९ टक्क्यांनी वाढल्या. देशी वाढ खरी असू शकेल. पण अधिक लॉजनी माहिती कळवायला सुरुवात केली तरीही आकडा असाच वाढेल. किती मुक्कामांच्या जागांपैकी कितींनी त्या वर्षी माहिती दिली, हे आकड्याशेजारी छापलेले असते तर आपल्याला दोन शक्यतांत निवड करता आली असती. ताप वाढला की तापमापी बदलली, हे कळायला नको का?

'परदेशी' या शब्दाचेही तसेच. संयुक्त राष्ट्रांच्या २००८च्या शिफारशींप्रमाणे माणूस नेहमी राहतो कोठे हे पहायचे असते. आपल्या आगमनांच्या आकड्यात परदेशी पारपत्र पाहिले जाते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले बार्शीचे कुटुंब गणपतीला घरी आले तर ते परदेशी पर्यटक; दुबईत वीस वर्षे राहून भारतीय पारपत्र ठेवलेले त्यांचे शेजारी नाहीत. अशा अनिवासी भारतीयांची आगमने २०१९ साली सुमारे ७० लाख होती. अलीकडे मंत्रालय ती वेगळी देते आणि दोन्हींची बेरीजही देते, ही सुधारणा चांगली आहे.

तिकिटे मोजली तर तरी नेमकेपणा येतो का? सोलापूरचा भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि तेथे तिकीट लागते. पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. तुम्ही आठवीच्या तीन तुकड्यांची सहल किल्ल्यात नेलीत तर तिकिटांच्या हिशेबात तुम्ही चार-पाच शिक्षक तेवढे उरता. शिवाय सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांच्याच दराने तिकीट मिळते. नेपाळचा पाहुणा तिकिटांच्या बेरजेत स्वदेशी होऊन जातो.

हे सारे येथवर करमणुकीचे वाटेल. आषाढीला तसे राहत नाही. राहुट्यांत, मठांत, वाळवंटात, ओळखीच्या घरी उतरणारा वारकरी लॉजच्या वहीत येत नाही. म्हणजे जिल्ह्यातली सर्वांत मोठी गर्दी या तक्त्याच्या बहुतांशी बाहेरच राहते. तिच्यासाठी आपल्याकडे उरतो तो वर्तमानपत्रांतला गोल आकडा : दहा लाख, पंधरा लाख, कधी त्याहून अधिक. तो कोणी, कोणत्या वेळी, कसा मोजला हे बातमीत नसते. (प्रयागराजच्या २०२५च्या महाकुंभात ६६ कोटींहून अधिक भाविकांनी स्नान केल्याचे उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केले. देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याजवळ जाणारा हा आकडा माणसांचा की स्नानांचा, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला शाबासकी द्यावी.)

गोल आकड्याने बिघडते काय? समजा दोन लाख लोक पंढरपुरात चार दिवस राहिले आणि सहा लाख लोक फक्त एकादशीला येऊन गेले. माणसे झाली आठ लाख. पण माणशी-दिवस झाले ८ लाख अधिक ६ लाख, म्हणजे १४ लाख. पाण्याचे टँकर आणि कचरा यांचा हिशेब १४ लाखांवर करावा लागतो. शौचालये, घाटाच्या पायऱ्या आणि पूल यांना मात्र एकाच वेळी हजर असलेल्या गर्दीचा आकडा लागतो, आणि एकादशीला तो आठ लाखांपर्यंत जाऊ शकेल. इतर तीन दिवस तो दोन लाखच राहील. नुसता 'आठ लाख भाविक' हा आकडा हाती ठेवून चार दिवसांचे पाणी सांगितले तर ते दुपटीहून अधिक होईल, आणि चार दिवसांच्या सरासरीवर (साडेतीन लाख) शौचालये बांधली तर एकादशीला ती निम्मीही पुरणार नाहीत.

अंदाज घेण्याच्या रीती आहेत. अमेरिकेत हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकाने १९६०च्या दशकात विद्यापीठाच्या चौकातल्या सभांचे फोटो घेऊन, फरशीच्या चौकोनांवरून गर्दी मोजली. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, असे त्याचे कोष्टक. पंढरपुरात नदीपलीकडे राहुट्यांसाठी ६५ एकर जागा आहे, म्हणजे २८,३१,४०० चौरस फूट. माणशी १० चौरस फूट धरले तर तेथे २ लाख ८३ हजार माणसे उभी राहतील, तीही राहुट्या, रस्ते, टँकर काही न धरता. दहा लाख माणसे याच दराने उभी करायची तर सुमारे २३० एकर लागतील. गावातले रस्ते, वाळवंट, मठ यांची क्षेत्रे नकाशावरून काढून ही बेरीज वर्गात करता येते.

दर्शनाच्या रांगेवरूनही एक बाजू पक्की होते. मिनिटाला ४० जण पदस्पर्श करून पुढे गेले असे धरा. रात्रंदिवस दर्शन चालू ठेवले तरी दिवसाला ५७,६०० होतात. बाकीचे मुखदर्शन घेऊन किंवा कळसाला हात जोडून परततात. म्हणून रांगेचा आकडा हा किमान आकडा; त्याला एकूण समजू नये.

प्राणिगणतीतली खुणेची रीत अनेकांना आठवेल. हजार वारकऱ्यांना बिल्ले दिले, नंतर गर्दीतल्या दोन हजारांना तपासले आणि चौघांकडे बिल्ले सापडले, तर एकूण १००० × २००० ÷ ४ = ५ लाख. पण तिघेच सापडले असते तर उत्तर साडेसहा लाखांवर गेले असते, आणि पाच सापडले असते तर चार लाखांवर आले असते. शंभर खुणा सापडतील इतका मोठा नमुना घेतला तर चूक दहा टक्क्यांच्या आसपास येते. तरीही अडचण उरते : ही रीत माणसे मण्यांसारखी मिसळतात असे गृहीत धरते, आणि दिंडी तर दोर धरून एकत्र चालते.

आमच्या मते शाळांना सर्वांत जमण्यासारखी रीत प्रवाहाची आहे. दशमीला पालख्या वाखरीहून पंढरपूरकडे निघतात. रस्त्याची रुंदी दहा मीटर, दर चौरस मीटरला एक माणूस आणि चाल तासाला तीन किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर, असे धरले तर मिनिटाला ५०० आणि तासाला ३०,००० माणसे पुढे जातात. रस्त्यावर खडूने दोन रेघा आखून, एखाद्या गच्चीवरून दर दहा मिनिटांनी एक मिनिट मोजावे. दोन गटांनी एकमेकांना न सांगता मोजावे आणि उत्तर एका आकड्यात न देता दोन आकड्यांच्या मध्ये द्यावे. ही गणती फक्त वाखरीवरून येणाऱ्यांची होईल. मोहोळकडून आणि मंगळवेढ्याकडून येणारे वाखरीला लागतच नाहीत. त्यांच्यासाठी त्या दोन रस्त्यांवर, आणि कुर्डुवाडी-मिरज मार्गावरच्या पंढरपूर स्थानकावर, निराळे गट बसवावे लागतील.