प्रतिभा आणि अतींद्रिय ज्ञान : एका प्रयोगाची चिकित्सा

न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड या कलाशिक्षणसंस्थेतील २० विद्यार्थ्यांवर श्लिट्झ व हॉनर्टन यांनी केलेला गांझफेल्ड प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांपुढे एकसारखा प्रकाश, कानांत एकसुरी ध्वनी. अशा अवस्थेत, दुसऱ्या खोलीतील व्यक्ती पाहत असलेले दृश्य चारांतून ओळखावयाचे. योगायोगाने २५ टक्के यश अपेक्षित असता येथे ते ५० टक्के आले. आकडा उपेक्षणीय खचित नव्हे. परंतु त्याचे श्रेय प्रतिभेला देणे निराळे. योगायोगाशी केलेली तुलना योगायोगापुरतेच बोलते. प्रतिभेविषयी बोलावयाचे तर त्याच परिस्थितीतील कलेतरांचे यश शेजारी मांडावयास हवे. संगीताच्या विद्यार्थ्यांचे बहुचर्चित ७५ टक्के तर अवघ्या ८ जणांपैकी ६ जणांचे! दोघांनी वेगळे दृश्य निवडले असते, तर तोच आकडा ५० वर उतरता.