हसू नेमके कोणावर?

विनोदाचा विषय निघाला की मराठी वाचकाला आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' आठवतात, तर उर्दू वाचकाला रतननाथ सरशार यांच्या 'फसाना-ए-आझाद'मधला बढाईखोर खोजी. खोजी मुळातच हसण्यासाठी घडवलेला आहे. परंतु ज्या नायकाने आधी आपल्याला रडवले, त्यालाच पुढे हास्याचा विषय केले तर काय हाती लागते? 'नारुतो' या जपानी चित्रकथेतील रॉक लीच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांस पडला.

मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातल्या निंजांच्या जगात मंत्रविद्या आणि मायाविद्या येणे हीच लायकी मानली जाते. लीला या दोन्ही विद्या येत नाहीत. त्याच्याकडे आहेत फक्त हातपाय, मेहनत आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा एक गुरू, माइट गाय. परीक्षेत गाराशी लढताना तो पायांची वजने उतरवतो आणि शरीरातील आठपैकी पाच द्वारे उघडतो. एवढे करूनही तो हरतो. त्याचा एक हात व एक पाय चिरडला जातो. तरीही बेशुद्धावस्थेत तो उभा राहतो.

पुढे केंजी ताइरा यांनी लीवर स्वतंत्र विनोदी मालिका रचली. तिच्यावरून तयार झालेली ५१ भागांची ॲनिमे मालिका २०१२-१३ मध्ये प्रसारित झाली. इथे डोकी मोठी, देह बुटके आणि ली मुख्य नायक. तारुण्याचा तोच जयघोष, तोच हिरवा पोशाख, गुरुशिष्यांची तीच गळाभेट.

काही टीकाकार म्हणतील, ही लीची विटंबना आहे. आम्हांस तसे वाटत नाही. लीचा वाडग्यासारखा केशसंभार आणि जाड भुवया मूळ कथेतही हास्यास्पदच होत्या. किशिमोतो यांचे यश हे, की ज्याला पाहून हसू येते त्याच्याच पायाशी त्यांनी आपल्याला नतमस्तक केले. हसू आणि आदर एकाच देहात नांदत होते. विनोदी मालिकेने त्यातले हसू तेवढे उचलले. तिथे ली आपटतो, भाजतो आणि पुढच्या दृश्यात ठणठणीत असतो. मेहनत उरली, पण तिची किंमत गेली. मूळ कथेत शस्त्रक्रियेतून वाचण्याची शक्यता निम्मीच असताना, तू गेलास तर मीही तुझ्यासोबत मरेन, असे गुरू सांगतो. ही किंमत ज्याला माहीत आहे तो विनोदी लीवर मायेने हसतो. ज्याला माहीत नाही, त्याला तो निव्वळ बावळट दिसतो.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हा फरक आम्हांला किरकोळ वाटत नाही. वर्गात हुशार मुलाच्या चुकीवर कोणी हसत नाही. रात्रभर घोकूनही अडखळणाऱ्यावर सगळे हसतात. मेहनतीच्या अतिरेकावर हसणे वेगळे आणि मेहनत करावी लागते म्हणून हसणे वेगळे. पहिल्यात जवळीक आहे, दुसऱ्यात तुच्छता. ताइरा यांची मालिका बहुतांशी पहिल्याच बाजूला राहते. कितीही फजिती झाली तरी ली सराव सोडत नाही, आणि त्याचे सोबती त्याला सोडत नाहीत.

म्हणून ही मालिका त्याज्य नाही, पण ती स्वतंत्रही नाही. ती मूळ कथेच्या पुण्याईवर जगते. मुलांनी ती जरूर पाहावी. मात्र आधी गाराशी झालेली ती हरलेली लढाई पाहावी. मगच हसावे.